जुन्या प्रतिमा-फाइली छपाईयोग्य करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॉपी, सीडी आणि बंद पडत आलेल्या हार्ड डिस्कवर राहून गेलेल्या प्रतिमा पुस्तकात, स्मरणिकेत किंवा फलकावर छापायची वेळ आली की तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. वाचकांकडून सातत्याने आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जुनी फाइल छपाईयोग्य करायची म्हणजे नेमके काय करायचे?

फॉरमॅट बदलणे हा या कामाचा सर्वांत सोपा आणि शेवटचा भाग आहे. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: छापायच्या आकाराला पुरतील इतके पिक्सेल प्रतिमेत आहेत का (प्रश्न ४), तिचे रंग ठरलेल्या कागदाला आणि शाईला जुळवून घेता येतील का (प्रश्न ८), आणि तिच्यातील रेषा व अक्षरे छायाचित्रासारखी हाताळायची की रेखाचित्रासारखी (प्रश्न १०). या तिन्हींची उत्तरे मूळ फाइलमध्येच असतात. मूळ फाइलमध्ये नसलेली माहिती कोणतेही रूपांतर आणू शकत नाही. आहे ती माहिती न गमावता पुढे नेणे एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून काम नेहमी प्रतीवर करावे, आणि आकार बदलणे, सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) करणे, लेअर एकत्र करणे, धार वाढवणे अशा मागे न घेता येणाऱ्या पायऱ्या शेवटी आणि एकदाच कराव्यात.

२. टिफ, ईपीएस आणि पीडीएफ यांपैकी काय निवडावे?

छायाचित्रे, स्कॅन आणि पिक्सेलांनी बनलेल्या इतर सर्व प्रतिमांसाठी टिफ निवडावा. आल्डस कंपनीने तो १९८६ मध्ये आणला, त्याची ६.० ही आवृत्ती १९९२ ची आहे, आणि आजही जवळजवळ प्रत्येक पेज-लेआउट प्रोग्राम ती उघडतो. टिफ सीएमवायके रंग आणि रंग-प्रोफाइल (चित्रातल्या आकड्यांचा नेमका कोणता रंग समजायचा हे सांगणारी नोंद) दोन्ही सांभाळतो. त्यातले एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन दर्जा कमी करत नाही. जेपीईजी कॉम्प्रेशन मात्र टिफमध्ये वापरू नये.

ईपीएस हा पोस्टस्क्रिप्ट या पान-वर्णनाच्या संगणकीय भाषेच्या काळातला फॉरमॅट आहे. जुन्या ईपीएस फाइली वाचता येणे गरजेचे आहे, पण नव्याने ईपीएस तयार करण्याचे आज फारसे कारण उरलेले नाही. त्यात पारदर्शकता टिकत नाही. व्हेक्टर (रेषा आणि आकार गणिताने नोंदलेल्या) चित्रांसाठी आणि पूर्ण पानांसाठी पीडीएफच योग्य, आणि त्यातही मुद्रणासाठी ठरवलेला पीडीएफ-एक्स. २००१ चा पीडीएफ-एक्स १ए अधिक कडक आहे: त्यात फक्त सीएमवायके, करडा आणि स्पॉट रंग (स्वतंत्र शाईने छापला जाणारा ठरावीक रंग) चालतात, सर्व फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट असावे लागतात आणि पारदर्शकता चालत नाही. नंतर आलेला पीडीएफ-एक्स ४ पारदर्शकता, लेअर आणि प्रोफाइल असलेले आरजीबी (पडद्यावरचे लाल-हिरवे-निळे) रंग स्वीकारतो. यांपैकी कोणता हवा हे मुद्रकालाच विचारावे. पीएनजीत सीएमवायकेची सोयच नाही, त्यामुळे तो दर्जा न गमावणारा असला तरी छपाईसाठी शेवटची फाइल म्हणून देऊ नये.

३. फाइलच्या नावापुढे एक्स्टेंशन नाही, किंवा असलेले चुकीचे वाटते. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे कसे ओळखावे?

बहुतेक प्रतिमा-फाइली पहिल्या काही बाइटांतच आपली ओळख सांगतात. फाइलची प्रत साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी आणि काहीही सेव्ह न करता फक्त सुरुवातीची रोमन अक्षरे पाहावीत. जिफमध्ये ‘जिफ ८७ए’ किंवा ‘जिफ ८९ए’ असे स्पष्ट लिहिलेले असते, बीएमपीची सुरुवात ‘बीएम’ने होते, टिफची ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ने, फोटोशॉप फाइलची ‘८बीपीएस’ने, आणि पोस्टस्क्रिप्टची टक्केचिन्ह, उद्गारचिन्ह व ‘पीएस’ने. टिफमधील ‘आयआय’ आणि ‘एमएम’ ही बाइटांच्या क्रमाची खूण आहे. पूर्वी पहिला क्रम बहुधा पीसीवर आणि दुसरा मॅकवर वापरला जाई. दोन्ही तितकेच योग्य आहेत.

येथे दोन अपवाद लक्षात ठेवावेत. विंडोजवर तयार झालेल्या काही ईपीएस फाइलींत पोस्टस्क्रिप्टच्या आधी ३० बाइटांचा न वाचता येणारा भाग असतो, आणि जुन्या मॅकच्या पिक्ट फाइलींत पहिले ५१२ बाइट बहुधा रिकामे असतात. सुरुवातीला काहीच दिसले नाही म्हणून अशी फाइल खराब झाली असे समजू नये.

४. माझी प्रतिमा छपाईला पुरेशी मोठी आहे का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि छापायचा आकार ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. छायाचित्र छापताना ते ठिपक्यांच्या जाळीत रूपांतरित होते. या जाळीच्या दर इंची ओळींच्या सुमारे दुप्पट पिक्सेल प्रतिमेत असावेत, हा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. गुळगुळीत कागदावर साधारण १५० ओळींची जाळी वापरतात, म्हणून दर इंची ३०० पिक्सेल. वृत्तपत्राच्या कागदावर ८५ ते १०० ओळींची जाळी असते, म्हणून तिथे १७० ते २०० पिक्सेल पुरतात.

आता प्रतिमेचे पिक्सेल या आकड्याने भागावेत. ६४० बाय ४८० पिक्सेलची जुनी प्रतिमा ३०० ने भागली तर सुमारे ५.४ बाय ४.१ सेंटीमीटर एवढीच छापता येते. वृत्तपत्रासाठी २०० धरले तर ती सुमारे ८.१ बाय ६.१ सेंटीमीटरपर्यंत जाते. १६०० बाय १२०० पिक्सेलची प्रतिमा ३०० ने सुमारे १३.५ बाय १०.२ सेंटीमीटर होते. पूर्ण ए४ पानासाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, आणि प्रतिमा पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (पान कापताना निघून जाणारी जादा कड) धरून सुमारे २५५१ बाय ३५७९. ब्लीडसाठीचे हे जादा पिक्सेल जुन्या चित्रांत सहसा नसतात. चित्र ताणून ते निर्माण करण्यापेक्षा चित्राभोवती कोरी जागा ठेवणारी मांडणी करणे केव्हाही चांगले.

३०० हा आकडा अटळ नाही. मऊ प्रकाशातले व्यक्तिचित्र २२० पिक्सेलांनाही छान छापले जाते. बारीक जाळी, केस किंवा इमारतीच्या खिडक्या असलेल्या चित्रात मात्र तेवढीच घट लगेच डोळ्यांत भरते. लांबून पाहायच्या फलकाला तर याहून कितीतरी कमी पिक्सेल पुरतात. निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेखाचित्राचा हिशेब याहून वेगळा आहे; त्यासाठी प्रश्न १० पाहावा.

५. फाइलमध्ये ७२ डीपीआय (दर इंची ठिपके) दिसते. तो आकडा ३०० केला की काम झाले का?

नाही. तो आकडा म्हणजे प्रतिमा किती आकारात ठेवावी याविषयीची एक नोंद आहे. तो बदलल्याने पिक्सेलांची संख्या बदलत नाही. जिफमध्ये ही नोंद ठेवायला जागाच नसते. बीएमपीमध्ये ती दर मीटरला किती पिक्सेल अशा स्वरूपात असते, त्यामुळे ३०० डीपीआयच्या जागी ११८११ असा चमत्कारिक दिसणारा आकडा आढळतो आणि तो बरोबरच असतो.

आकडा बदलताना ‘रीसॅम्पल’ हा पर्याय बंद ठेवावा. तो चालू राहिला तर प्रोग्राम शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने नवे पिक्सेल भरतो, फाइल जड होते आणि चित्र मात्र अधिक मऊ, धूसर दिसू लागते. पर्याय बंद ठेवून आकडा ३०० केला की सेंटीमीटरमधला जो आकार दिसतो, तोच त्या चित्राचा खरा छपाईचा आकार.

६. जेपीईजी टिफमध्ये बदलल्याने दर्जा सुधारतो का?

सुधारत नाही, पण पुढची घसरण थांबते. जेपीईजी प्रतिमेचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन करून त्यांतली बारीक माहिती टाकून देतो, आणि बदल करून पुन्हा सेव्ह केले की हे नव्याने घडते. म्हणून दुरुस्ती सुरू करण्याआधीच टिफ करून घ्यावा. चौकोन स्पष्ट दिसत असतील तर चित्र थोडे लहान छापणे हा सर्वांत प्रामाणिक उपाय आहे, आणि अशा चित्राची धार वाढवणे कटाक्षाने टाळावे, कारण त्याने चौकोनांच्या कडाच उठून दिसतात.

७. जिफ आणि पीसीएक्स चित्रे मोठी केली की ठिपके, पायऱ्या आणि विचित्र रंग दिसतात. काय करावे?

या फॉरमॅटची चित्रे बहुधा २५६ किंवा त्याहून कमी रंगांच्या तक्त्यावर आधारलेली असतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये रंग नसतो, तक्त्यातल्या रंगाचा क्रमांक असतो. दोन क्रमांकांच्या मधला रंग काढता येत नाही, म्हणून अशा स्थितीत आकार बदलला की पायऱ्या पडतात. आधी प्रतिमा आरजीबी मोडमध्ये आणावी आणि मगच आकार, उजळपणा किंवा रंग यांना हात लावावा.

कमी रंगांत जास्त छटांचा भास व्हावा म्हणून त्या काळी ठिपक्यांचे मिश्रण करत, ज्याला डिदरिंग म्हणतात. हे ठिपके आणि छपाईची जाळी एकमेकांवर आल्या की भलतीच नक्षी उमटते. आरजीबी केल्यावर अगदी हलका ब्लर देऊन किंवा चित्र थोडे लहान करून ठिपके मिसळून घेता येतात. पारदर्शक जिफच्या कडांवर पांढरी किनार राहते, कारण जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण अपारदर्शक. गडद पार्श्वभूमीवर ठेवायचे असेल तर ही किनार हाताने कापूनच काढावी लागते.

पीसीएक्सविषयी एक खास गोष्ट सांगायला हवी. २५६ रंगांच्या पीसीएक्समध्ये रंगांचा तक्ता फाइलच्या अगदी शेवटी, शेवटच्या ७६९ बाइटांत असतो. फाइल कॉपी होताना शेपटाकडून तुटली असेल तर आकृती बव्हंशी शाबूत आणि रंग पूर्णपणे चुकलेले असे दृश्य दिसते. त्याच संचातल्या दुसऱ्या, धड राहिलेल्या चित्राचा तक्ता लावून पाहावा. एकाच खेळासाठी किंवा एकाच सादरीकरणासाठी केलेल्या चित्रांचा तक्ता पुष्कळदा समान असतो.

८. आरजीबीचे सीएमवायके केव्हा आणि कसे करावे?

सर्व दुरुस्त्या आरजीबीत पूर्ण कराव्यात, अंतिम आकार ठरवावा, आणि मग कागद व छपाईची पद्धत कळल्यावर एकदाच सीएमवायके करावे. मुद्रक पीडीएफ-एक्स ४ घेत असेल तर प्रोफाइल जोडलेली आरजीबी प्रतिमाच देऊन रूपांतर त्याच्याकडे सोपवता येते, आणि माझ्या मते छायाचित्रांसाठी तोच मार्ग अधिक चांगला आहे. हेच चित्र पुढे दुसऱ्या कागदावर छापायचे झाले तर आरजीबी प्रत हाताशी राहते.

मोड मेनूतून नुसते ‘सीएमवायके’ निवडणे पुरेसे नाही. सीएमवायके हा एकच एक रंगसंच नव्हे. प्रत्येक कागद आणि छपाईपद्धतीनुसार त्याचे प्रोफाइल वेगळे असते. गुळगुळीत कागदासाठीच्या आयएसओ कोटेड व्ही२ प्रोफाइलमध्ये चारही शाया मिळून कमाल ३३० टक्के शाई धरलेली आहे आणि त्याचीच ३०० टक्क्यांची आवृत्तीही मिळते, तर वृत्तपत्रासाठी ही मर्यादा साधारण २४० टक्के असते. गुळगुळीत कागदासाठी केलेली फाइल वृत्तपत्राच्या कागदावर गेली तर सावल्यांत शाई साचते, ती पलीकडच्या पानावर उठते आणि चेहरे काळवंडतात. म्हणून मुद्रकाकडून प्रोफाइलचे नाव आधी घ्यावे.

रूपांतरानंतर तेजस्वी निळा, पोपटी हिरवा आणि भडक नारिंगी हे रंग उतरलेले दिसतील. पडद्यावरचे हे रंग चार शायांच्या आवाक्याबाहेर आहेत, त्यामुळे संपृक्तता वाढवून ते परत येत नाहीत. उलट त्या भागातले छटांचे फरक मात्र पुसले जातात. रूपांतराआधी सॉफ्ट प्रूफ (छापील रंगांचा पडद्यावरचा अंदाज) चालू करून पाहिले तर पुढचा धक्का टळतो. तोच रंग हुबेहूब यायला हवा असेल, उदाहरणार्थ बोधचिन्हाचा, तर स्पॉट रंगाची पाचवी शाई वापरणे हा एक मार्ग आहे.

९. जुन्या चित्राला रंग-प्रोफाइलच नाही. कोणते धरावे?

इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमची स्थापना १९९३ ची आणि एसआरजीबीचा प्रस्ताव १९९६ चा, त्यामुळे त्यापूर्वीच्या चित्रांत प्रोफाइल नसणे स्वाभाविकच आहे. पीसीवर तयार झालेल्या चित्राला एसआरजीबी हे प्रोफाइल ‘असाइन’ करावे. असाइन आणि कन्व्हर्ट या दोन आज्ञांत गल्लत करू नये: असाइन केल्याने चित्रातले आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ ठरतो, तर कन्व्हर्ट केल्याने आकडे बदलतात.

अपवाद जुन्या मॅकवरच्या चित्रांचा आहे. २००९ मध्ये मॅक ओएस एक्स १०.६ येईपर्यंत मॅकचा गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) १.८ धरला जाई, पीसीचा २.२. त्यामुळे मॅकवर नीट दिसणारे चित्र आज एसआरजीबी म्हणून उघडले की मधल्या छटा गडद भासतात. अशा चित्राला १.८ गॅमाचे प्रोफाइल, जसे ॲपल आरजीबी, असाइन करावे आणि मग पुढचे रूपांतर करावे. ‘चित्र काळपट झाले’ म्हणून हाताने उजळवण्यापेक्षा हे कितीतरी अचूक आहे.

१०. काळी अक्षरे आणि रेखाचित्रे छापल्यावर रंगीत किनारी का दिसतात?

आरजीबीतला शुद्ध काळा सीएमवायकेत नेला की तो एका शाईचा राहत नाही. फोटोशॉपमध्ये दीर्घकाळ प्रचलित असलेल्या स्वॉप प्रोफाइलने त्याचे ७५ टक्के निळी, ६८ टक्के किरमिजी, ६७ टक्के पिवळी आणि ९० टक्के काळी शाई असे चार भाग होतात. चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षरांच्या कडेला निळी-लाल सावली दिसते.

उपाय सरळ आहे. निव्वळ काळे चित्र असेल तर ते सीएमवायकेत नेऊच नये. ग्रेस्केल किंवा एक-बिट बिटमॅप करून टिफमध्ये ठेवावे, म्हणजे ते फक्त काळ्या प्लेटवर येते. एक-बिट रेखाचित्राला छटा नसल्याने कडा सफाईदार येण्यासाठी अंतिम आकारात दर इंची १२०० पिक्सेल असावेत. ६०० पर्यंत चालून जाते, त्याखाली पायऱ्या दिसू लागतात. रंगीत छायाचित्रावरच अक्षरे उमटलेली असतील तर ती पुसून पेज-लेआउटमध्ये नव्याने काळ्या शाईत बसवावीत. हे काम वेळखाऊ आहे, पण छापील पानावर त्याचा फरक लगेच कळतो.

११. फॅक्समधून आलेला टिफ चेपलेला दिसतो, आणि डॉसच्या काळातली चित्रे बसकी दिसतात. फाइल खराब आहे का?

फाइल ठीक आहे. तिचे पिक्सेल चौरस नाहीत. साध्या फॅक्समध्ये आडव्या दिशेने दर इंची २०४ आणि उभ्या दिशेने फक्त ९८ ठिपके असतात. आजचे काही प्रोग्राम दोन्ही दिशांना एकच आकडा धरतात, म्हणून पान निम्म्या उंचीचे होते. उभ्या दिशेने प्रत्येक ओळ दोनदा घेतली की प्रमाण जवळजवळ बरोबर येते.

डॉसवरचे ३२० बाय २०० पिक्सेलचे चित्र ४ः३ प्रमाणाच्या पडद्यावर दिसे, म्हणजे त्याचा प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच होता. असे चित्र आडवे ५ पट आणि उभे ६ पट करावे: १६०० बाय १२०० पिक्सेल मिळतात, प्रमाण अचूक येते, आणि ते ३०० पिक्सेलांनी सुमारे १३.५ बाय १०.२ सेंटीमीटर छापता येते. हे करताना ‘निअरेस्ट नेबर’ पद्धतच निवडावी. पिक्सेलांच्या टोकदार कडा हेच या चित्रांचे रूप असल्याने प्रश्न ५ मधली मोठे न करण्याची सूचना येथे लागू होत नाही. पूर्णांक पटीत वाढवल्याने नवे काही कल्पिले जात नाही.

१२. जुना लोगो डब्ल्यूएमएफ, सीडीआर किंवा एआय फाइलमध्ये आहे. तो टिफमध्ये आणावा का?

शक्यतो आणू नये. या फाइलींत रेषा आणि आकार गणिताने नोंदलेले असतात आणि ते कितीही मोठे छापता येतात; टिफ केला की तो गुण कायमचा जातो. इंकस्केप किंवा लिबरऑफिस ड्रॉमध्ये पुष्कळ सीडीआर फाइली उघडतात, आणि तिथून पीडीएफ काढता येतो. इलस्ट्रेटरच्या नवव्या आवृत्तीपूर्वीच्या एआय फाइली मुळात पोस्टस्क्रिप्टवर आधारलेल्या आहेत, त्यामुळे त्या घोस्टस्क्रिप्ट या पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या प्रोग्रामने पीडीएफ करता येण्याची शक्यता चांगली असते. उघडल्यावर ग्रेडियंट, रेषांची जाडी आणि अक्षरे जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावीत. डब्ल्यूएमएफमध्ये वळणांचे पुष्कळदा लहान लहान सरळ तुकडे झालेले असतात; मोठ्या फलकासाठी ती वळणे पुन्हा काढून घेणे योग्य.

१३. ईपीएस पडद्यावर धूसर दिसते, किंवा अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. असे का?

धूसर दिसणे हे बहुधा फक्त पूर्वावलोकन असते. ईपीएसमध्ये छपाईचा मजकूर पोस्टस्क्रिप्टमध्ये असतो आणि त्यासोबत पडद्यापुरते एक लहानसे चित्र जोडलेले असते. जुन्या मॅकवर हे चित्र फाइलच्या रिसोर्स फोर्कमध्ये (मॅकवरच्या फाइलला जोडलेल्या वेगळ्या भागात) असे आणि पीसीवर कॉपी करताना गळून जाई. त्याने छपाईचा भाग बिघडत नाही. घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करून मोठे करून पाहिले की खरा दर्जा कळतो. चित्र पानाच्या कोपऱ्यात येत असेल किंवा कापले जात असेल तर ईपीएसच्या बाउंडिंग बॉक्सनुसार (चित्राच्या कडांच्या चौकटीनुसार) पान कापण्याचा पर्याय निवडावा.

अक्षरे बदलणे हे अधिक गंभीर आहे. फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट नसेल आणि संगणकावरही नसेल तर त्या जागी दुसराच फॉन्ट येतो. युनिकोडच्या आधीच्या देवनागरी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसला की पूर्ण मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होऊन बसतो, आणि दुसरा कोणताही देवनागरी फॉन्ट लावून तो वाचता येत नाही. नेमका तोच फॉन्ट मिळवून, फाइल उघडून, अक्षरांचे आउटलाइन (अक्षरांचे साध्या आकारांत रूपांतर) करून मगच पीडीएफ काढावा. अडचण अशी की त्या काळचे कित्येक फॉन्ट टाइप १ प्रकारचे आहेत आणि अडोबीने आपल्या प्रोग्रामांतून टाइप १ चा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. मॅकचे टाइप १ फॉन्ट पीसीवर कॉपी केले असतील तर शून्य बाइटांच्या फाइली हाती येतात, कारण त्यांची माहिती रिसोर्स फोर्कमध्ये होती. जुनी मॅक डिस्क अजून वाचता येत असेल तर ती टाकून देण्याआधी पूर्ण डिस्कची इमेज करून ठेवावी.

१४. एकाच चित्राच्या पाच फाइली सापडल्या. कोणती वापरावी?

पाचही. हा डीसीएस नावाचा संच आहे: एक मुख्य फाइल आणि चार शायांच्या चार फाइली. मुख्य फाइलमध्ये पडद्यापुरते कमी दर्जाचे चित्र असते, तेवढेच वापरले तर छपाई धूसर येते. चारही भाग एका फोल्डरमध्ये, मूळ नावांनी ठेवून फोटोशॉपसारख्या प्रोग्राममध्ये एकत्र उघडावेत आणि सीएमवायके टिफ म्हणून सेव्ह करावेत. एखादा भाग हरवला असेल तर तो रंग मूळ पारदर्शिकेतून किंवा छापील प्रतीतून नव्याने स्कॅन करूनच मिळेल.

१५. कोडॅक फोटो सीडीवरच्या पीसीडी फाइली अगदी लहान उघडतात.

१९९२ मध्ये आलेल्या या पद्धतीत एकाच फाइलमध्ये चित्राचे अनेक आकार असतात. मूळ आकार ७६८ बाय ५१२ पिक्सेलचा. ३०७२ बाय २०४८ चा मोठा आकार त्याच्याशी असलेल्या फरकांच्या रूपात साठवलेला असतो. साधे प्रोग्राम मूळ आकारापाशीच थांबतात. सर्वांत मोठा आकार काढणारा खास प्रोग्राम शोधावा, कारण फरक थेट १६ पट पिक्सेलांचा आहे. फोटो सीडीच्या रंगपद्धतीत कागदी पांढऱ्याहून उजळ छटाही नोंदलेल्या असतात. घाईच्या रूपांतरात त्या कापल्या जाऊन ढग आणि पांढरे कपडे सपाट होतात. म्हणून पहिले रूपांतर शक्य असल्यास १६-बिट टिफमध्ये करावे आणि उजळ भाग तपासून मग ८-बिटवर यावे.

१६. मूळ फाइल हरवली आहे, छापील पान आहे. ते स्कॅन करून चालेल का?

चालते, पण छापील पानावर आधीच ठिपक्यांची जाळी असते आणि तिच्यावर नवी जाळी बसली की मोआरे नक्षी उमटते. पान ६०० डीपीआयला किंवा त्याहून जास्त स्कॅन करावे, डीस्क्रीन फिल्टर किंवा हलका ब्लर द्यावा, मग ३०० वर आणून थोडी धार वाढवावी. मूळ आकाराहून मोठे छापू नये.

१७. सीएमवायके जेपीईजी उघडली की रंग उलटे, निगेटिव्हसारखे दिसतात.

अडोबीचे प्रोग्राम अशा जेपीईजीत शाईचे आकडे उलटे लिहितात आणि काही प्रोग्रामांना ते कळत नाही. रंग उलटवून पाहावे. चित्र बरोबर दिसले तर तेच कारण होते. नंतर लगेच टिफ करून ठेवावा, म्हणजे पुढच्या टप्प्यावर कोणी पुन्हा उलटवणार नाही.

१८. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र चारपट मोठे करता येते. मग पिक्सेलांचा हिशेब कशाला?

ही साधने संभाव्य तपशील रचून भरतात. झाडांची पाने, भिंत, आकाश अशा भागांत ते खपून जाते आणि सजावटीच्या चित्राला त्याची हरकत नाही. पण कोणाचा चेहरा, हस्ताक्षर, शिलालेख, नकाशा किंवा जुने दस्तऐवज असतील तर मी याचा आग्रहाने विरोध करतो: डोळ्यांचा आकार बदलतो, पुसट अक्षराच्या जागी भलतेच स्वच्छ अक्षर येते, आणि एकदा छापले गेले की पुढचा वाचक तेच खरे मानतो. अशी चित्रे लहान छापावीत. आकार वाढवणे टळतच नसेल तर ते छापील मजकुरात नमूद करावे.

१९. शेकडो फाइली आहेत. सगळ्या एकदम बदलता येतील का?

इमेजमॅजिक, एक्सएनव्ह्यू किंवा इरफानव्ह्यूने एकदम टिफ करता येतात, पण त्या टप्प्यावर फक्त फॉरमॅट बदलावा. रंग, धार आणि आकार हे निर्णय प्रत्येक चित्रासाठी वेगळे असतात. आधी फाइलींचे गट करावेत: छायाचित्रे, एक-बिट रेखाचित्रे, तक्त्याच्या रंगांची चित्रे आणि व्हेक्टर. एकाच आज्ञेत सर्व काही आरजीबी करून टाकले की एक-बिट रेखाचित्रे विनाकारण चार शायांत जातात आणि प्रश्न १० मधली अडचण शेकडो पटींनी अंगावर येते. प्रत्येक गटातली चार-पाच चित्रे पूर्ण मोठी करून तपासल्यावरच उरलेली चालवावीत.

२०. फोटोशॉप नाही. हे सगळे मोफत साधनांनी होईल का?

बहुतांश होते. गिंपच्या ३.० आवृत्तीत सॉफ्ट प्रूफ पाहता येते आणि सीएमवायके टिफ काढता येतो, जरी संपादन आरजीबीतच होते. कृता थेट सीएमवायकेत काम करते. स्क्रायबस पीडीएफ-एक्स तयार करते. डीसीएस आणि ड्युओटोन (दोन शायांच्या) ईपीएस यांसाठी मात्र फोटोशॉप असलेल्या कोणाची तरी मदत घेणे वेळ वाचवणारे ठरते.

२१. मुद्रकाकडे फाइल देण्याआधी काय पाहावे?

टिफमध्ये लेअर आणि जादा अल्फा चॅनल राहिलेले नाहीत ना, प्रोफाइल ठरले होते तेच आहे ना आणि अंतिम आकाराला पिक्सेल पुरतात ना, हे पाहावे. पीडीएफमध्ये प्रत्येक शाईची प्लेट स्वतंत्रपणे उघडून पाहावी. काळी अक्षरे फक्त काळ्या प्लेटवर दिसली पाहिजेत. पांढरी अक्षरे किंवा आकार ‘ओव्हरप्रिंट’वर (खालचा रंग न कापता त्यावरच छापण्याच्या पर्यायावर) राहिलेले असतील तर ते पडद्यावर दिसतात आणि कागदावर नाहीसे होतात, जुन्या व्हेक्टर फाइलींतील काळा आकार नंतर पांढरा केलेला असेल तर हे हमखास घडते, म्हणून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करूनच पाहणी करावी. रंग महत्त्वाचे असतील तर मुद्रकाकडून प्रूफ मागावे आणि ते दिवसाच्या उजेडात, ठरलेल्या कागदाच्या तुकड्याशेजारी ठेवून पाहावे.

२२. काम झाल्यावर मूळ पीसीएक्स, पिक्ट किंवा पीसीडी फाइली पुसून टाकाव्यात का?

पुसू नयेत. छपाईसाठी केलेली फाइल एका कागदाला आणि एका आकाराला बांधलेली असते. दुसऱ्या कामाला मूळ फाइलपासूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. तीन प्रती ठेवाव्यात: हात न लावलेली मूळ फाइल, आकार आणि रंगपद्धत न बदलता केलेला दुरुस्त टिफ, आणि छपाईला दिलेली फाइल. शेवटच्या फाइलच्या नावातच प्रोफाइल आणि सेंटीमीटरमधला आकार लिहावा, म्हणजे काही वर्षांनी ती उघडणाऱ्याला ती कशासाठी केली होती हे शोधत बसावे लागणार नाही.